आठव्या खाटेचा आकडा

अक्काताई हेरवाडेनं पुसलेली फरशी बघून पेशंटला भेटायला आलेली माणसं दारातच थबकायची आणि न सांगता चपला काढायची. कोल्हापुरातल्या त्या दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात तिला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तशी कुणाची छातीही नव्हती, कारण अक्काताईचा आवाज. शिरोळकडच्या उसात, ह्या बांधावरनं त्या बांधावर बोलून तयार झालेला तो आवाज आयसीयूत ती दाबून वापरायची, तरी तो लिफ्टपर्यंत पोचायचा.

त्यामुळं त्या मंगळवारी जे घडलं ते तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

संयोगिता सिस्टर सकाळचा राउंड आटोपून आल्या. मूळच्या पन्हाळ्याच्या, तिशीतल्या, बारीक अंगाच्या. हॉस्पिटलात पेशंटला नवा संसर्ग होऊ नये हे बघायचं काम दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडं आलं होतं. त्यांनी पहिल्या खाटेभोवतीचा पडदा ओढला, वरचा दिवा मालवला आणि खिशातनं पेनाएवढी बॅटरी काढली. जांभळट उजेड कठड्यावर पडला. कठड्याच्या आतल्या अंगाला शेंगदाण्याएवढा एक निळा ठिपका लख्खकन पेटला.

"हे काय?" अक्काताई म्हणाली.

"काल दुपारी मी वीस ठिकाणी एक जेल लावून ठेवलं होतं, अक्काताई. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. ओल्या फडक्यानं नीट पुसलं की निघून जातं. जिथं फडकं फिरलं नाही तिथं असं चमकतं."

सिस्टर पुढं चालल्या, अक्काताई मागनं. सलाइनच्या स्टँडची मूठ, चमकली. घंटेचं बटण, चमकलं. लॉकरची कडी, दिव्याचं बटण, औषधाच्या पंपाचा वरचा काठ. आठ खाटा फिरून झाल्यावर सिस्टरनी कागदावर लिहिलं: विसांपैकी सात पुसलेले.

"सात?" आवाज लिफ्टपर्यंत गेला. "अकरा वर्सं मी हितं हाडं झिजवलीत आणि तुमी मला चोरून परीक्षा घेऊन सात मार्क द्यायलाय? फरशी बघा की! फरशीत तोंड दिसतंय तुमचं!"

"दिसतंय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पण फरशीला पेशंट हात लावतो का?"

अक्काताईनं खाली फरशीकडं बघितलं, मग कठड्याकडं.

मग सिस्टरनी तिला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. आयसीयूत गेल्या अडीच महिन्यांत चार पेशंटांना एकाच जंतूनं धरलं होतं. घरून येताना तो त्यांच्या अंगात नव्हता, इथं आल्यावर लागला. औषधांना न जुमानणारा. कठड्यावर, बटणावर तो कित्येक दिवस तग धरून राहतो आणि हाताहातानं पुढं जातो. त्या चौघांतले एक गणपतराव मास्तर होते, जोतिबाच्या वाटेवरच्या गावचे. निमोनियातनं उठून चांगले बोलायला लागलेले. रोज सकाळी अक्काताईला "काय, आज आमच्या खाटेची परीक्षा कधी?" म्हणून विचारायचे. त्यांना वॉर्डात हलवायचं ठरलं आणि आदल्याच दिवशी पुन्हा ताप भरला. तीन आठवडे जास्त राहिले, आणि चालत आलेला माणूस चाकाच्या खुर्चीवरनं घरी गेला.

अक्काताईनं सगळं ऐकलं आणि हात पुढं केला.

"ती बॅटरी द्या हिकडं."

त्या दुपारी तिनं बॅटरी घेऊन आठही खाटा पुन्हा पालथ्या घातल्या. राहिलेला एकेक ठिपका शोधला, बघितला, पुसला. आणि ड्युटी संपल्यावर घरी न जाता कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. सिस्टरनी विचारलं, काय करताय? "हात बघायलोय," ती म्हणाली.

एक तास तिनं नुसते हात बघितले. डॉक्टरांचे, नर्सचे, एक्स-रेवाल्याचे, पेशंटच्या मुलीचे. बोटांवर मोजत, मनात गाठी मारत. उठली तेव्हा चेहरा फुललेला होता.

"सिस्टर! सात नंबरच्या डाव्या कठड्याला एका तासात एकेचाळीस डाव हात लागला! एकेचाळीस! आणि त्या पडद्याची कड हाय न्हवं, जो तो येतो तो तितंच धरून ओढतोय. ते तर तुमच्या यादीत बी न्हाय!"

संयोगिता सिस्टरनी यादी काढली. खरंच नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं पेनानं लिहिली: पडद्याची कड.

त्या दिवसापासनं अक्काताईला ह्या कामाचं वेडच लागलं. अकरा वर्षं ती वरनं खाली पुसत आली होती, दिसेल ते, चमकेल ते. आता ती हातांच्या मागावर निघाली. दुसऱ्या आठवड्यात विसांपैकी चौदा, तिसऱ्यात अठरा. बॅटरी येणार त्या दिवशी ती सकाळपासनं दाराकडं बघत असायची. चौथ्या आठवड्यात सिस्टरनी शेवटच्या खाटेवरची बॅटरी विझवली आणि म्हणाल्या, "वीस." अक्काताईनं हातातला मॉप भिंतीला टेकवला आणि दोन्ही हातांनी सिस्टरचे गाल धरले. पाचव्या खाटेवरचे आजोबा, ज्यांना तीन दिवस कुणी हसताना बघितलं नव्हतं, ते हसले.

ही बातमी खालच्या मजल्यावर गेली आणि हंबीररावांना झोंबली. हंबीरराव ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या वॉर्डाची साफसफाई बघायचे. तरुणपणी तालमीत घुमलेले, मान म्हणजे उसाचा बुडखा, आणि हरणं माहीत नसलेले. सिस्टर त्यांच्या वॉर्डातही ठिपके लावायच्या, आणि तिथले विसांपैकी होते बारा.

पुढच्या आठवड्यात त्यांचे वीस आले. त्याच्या पुढच्यातही वीस.

"अक्का, आता कसं?" जिन्यात गाठून ते म्हणाले. "आमी बी काय कच्च्या गुरूचं चेलं न्हाय."

अक्काताईला कौतुक वाटलं, पण पटेना. ती मुद्दाम काहीतरी निमित्त काढून त्यांच्या वॉर्डात गेली. बघते तर लॉकरच्या कडीवर चहाचा ओघळ वाळलेला, आणि त्याच ओघळाच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढी जागा तेवढी लख्ख. असं कोण पुसतं? ती तशीच हंबीररावांसमोर जाऊन उभी राहिली.

"खिसा दावा."

"आं?"

"खिसा दावा म्हंतो."

हंबीररावांनी थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं आणि खिशातनं जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली. खोट्या नोटा ओळखायला दुकानदार वापरतात तसली. सकाळी आधी ते स्वतःच ठिपके शोधायचे आणि तेवढेच घासून टाकायचे.

अक्काताईला हसावं की रागवावं कळेना. "अवो पैलवान, कुस्ती हुईल म्हणून आलो तर तुमी पंचालाच फितवलं की!"

तिनं चुगली केली नाही. हंबीररावच दुपारी मान खाली घालून सिस्टरकडं गेले आणि बॅटरी टेबलावर ठेवली. संयोगिता सिस्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मला पण वाटतच होतं, नुसत्या ठिपक्यांवर भागायचं नाही. आता दुसरं यंत्र येतंय. त्याला फसवता येत नाही."

ते यंत्र शुक्रवारी आलं. टीव्हीच्या रिमोटसारखं, वर छोटा पडदा. सोबत काड्यांचा डबा. काडीचं टोक ओलसर कापसाचं. ते पुसलेल्या जागेवर घासायचं, काडी तिच्या नळीत घालून हलवायची, नळी यंत्रात बसवायची. पंधरा सेकंदांत आकडा येतो. सिस्टरनी आधीच बजावलं, "हा जंतूंचा आकडा नाही. घाम, रक्त, अन्न, जंतू, जे जे जिवंत असतं त्याची किती घाण अजून शिल्लक आहे, ते हा सांगतो. शंभराच्या आत आला तर पास."

अक्काताईला हे इतकं आवडलं की ती यंत्राभोवती लहान पोरीसारखी फिरायला लागली. तिच्या माहेरी आठ म्हशी होत्या, आणि लग्नाआधी दुधाच्या किटल्या धुणं तिच्याकडं. किटली नीट धुतली नसेल तर दूध डेअरीत पोचायच्या आत फाटायचं. कुणी बोलायला नको, दूधच सांगायचं. हॉस्पिटलात मात्र अकरा वर्षं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. चमकतंय म्हणजे स्वच्छ, एवढंच.

"घासा की सिस्टर, घासा! पहिल्या खाटेपासनं घासा!"

तिनं नुकतंच सगळं पुसून ठेवलं होतं. पहिल्या खाटेचा कठडा. पंधरा सेकंद सगळे श्वास रोखून. आकडा आला अडतीस. अक्काताईनं टाळी वाजवली. "बघा! अडतीस! आता आठव्या खाटेचं घ्या, तितं तर मी दोन डाव फडकं फिरवलंय."

आठव्या खाटेचा आकडा आला सहाशे बारा.

अक्काताईनं यंत्र सिस्टरच्या हातातनं जवळजवळ ओढूनच घेतलं.

"बिघडलंय हे."

सिस्टरनी दुसरी काडी काढली. पाचशे नव्वद.

"पण मी पुसलंय! तुमच्या देखत पुसलंय!"

"हो, मी बघितलंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांनाही कोडं पडलं होतं. ठिपका लावला असता तर तो नक्की निघाला असता. मग एवढी घाण आली कुठनं?

अक्काताई खाली बसली, उठली, पुन्हा आठव्या खाटेपाशी जाऊन कठड्यावरनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग एकदम म्हणाली, "सिस्टर, मधल्या खाटांचं बी घ्या. एक, दोन, तीन, लायनीनं."

काड्या मोजक्या होत्या, तरी सिस्टरनी घेतल्या. दुसरी खाट सत्तर. तिसरी एकशे वीस. चौथी दोनशे तीन. पाचवी दोनशे ऐंशी. सहावी चारशे चाळीस. सातवी पाचशे पस्तीस. आकडा पायऱ्या चढत गेल्यासारखा वर वर चाललेला. अक्काताईची नजर सिस्टरच्या हातातल्या कागदावरनं हळूच खाली आली, आणि तिच्या स्वतःच्या बादलीवर थांबली.

बादलीतलं औषधाचं पाणी सकाळी स्वच्छ होतं. आता ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. एका खाटेचं पुसायचं, फडकं बादलीत खळबळायचं, पिळायचं, पुढच्या खाटेला न्यायचं. अकरा वर्षं. तिलाच काय, कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ती धडपडत बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि मोबाइलवर धाकट्या भावाला फोन लावला. प्रभुलिंग गावाकडं म्हशी सांभाळायचा.

"प्रभू, मागं आपल्या म्हशींस्नी दगडी झालती बघ. एकीची कास सुजली, मग दुसरीची, मग तिसरीची. तवा डॉक्टर काय म्हनलतं?"

"आं? आता मधनंच हे काय?"

"सांग की लवकर!"

"त्यो म्हनला, एकाच फडक्यानं सगळ्यांची कास पुसू नगा. एकीची घाण दुसरीला लावताय तुमी. म्हशीला एक फडकं ठेवा."

"मग?"

"मग काय, ठेवलं. दगडी थांबली की. का गं अक्का?"

अक्काताईनं फोन तसाच बंद केला आणि धावत, अक्षरशः धावत, आयसीयूत शिरली. अकरा वर्षांत तिला तिथं धावताना कुणी बघितलं नव्हतं.

"सिस्टर! म्हशीला एक फडकं!"

संयोगिता सिस्टर क्षणभर बघतच राहिल्या. मग अक्काताईनं दम खात खात गोठ्यातलं सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी कपाटातनं रजिस्टर काढलं, पानं उलटली. चार पेशंट. सहा नंबर, आठ नंबर, सात नंबर, पुन्हा आठ नंबर.

सगळे शेवटच्या टोकाचे.

अक्काताईचं बोट सातच्या आकड्यावर थांबलं. सात नंबर म्हणजे गणपतराव मास्तर.

"म्हंजे माझ्या बादलीनं..." ती एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. खोटा दिलासा द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "एकट्या बादलीनंच झालं असं मला ठामपणे म्हणता यायचं नाही. हातानं जातं, नळ्यांवरनं जातं, पुष्कळ वाटा असतात. पण बादली पण एक वाट होती, असं दिसतंय खरं. आणि ही वाट मी शोधली नाही, डॉक्टरांनी शोधली नाही. आज तुम्ही शोधलीत."

अक्काताईनं डोळे पुसले. मग उठली, बादली उचलली आणि ते गढूळ पाणी नेऊन ओतून आली.

"उद्या सकाळी सातला या," ती म्हणाली. "आठ कोरी फडकी घेऊन या. एक बी जास्त नगो, एक बी कमी नगो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आयसीयूच्या दारात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. रात्रपाळीच्या नर्स घरी जायच्या थांबल्या होत्या. हंबीरराव खालनं वर आले होते, हाताची घडी घालून. अक्काताईनं आठ फडकी ताज्या औषधात भिजवून, पिळून एका स्वच्छ ट्रेमध्ये रचली. पहिलं उचललं, घडी घातली, एका बाजूनं कठडा, घडी उलटून घंटा, पुन्हा उलटून लॉकर. औषधाला वेळ मिळावा म्हणून कठडा ओलाच ठेवून पुढं गेली, कोरडा करायची घाई केली नाही. फडकं परत ट्रेमध्ये नाही, सरळ धुण्याच्या पिशवीत. हात धुतले. दुसऱ्या खाटेला दुसरं.

आठवी खाट झाली. वाळेपर्यंत सगळे घड्याळाकडं बघत उभे राहिले. मग सिस्टरनी काडी घासली, नळी हलवली, यंत्रात घातली.

पंधरा सेकंद. तेवढ्यात हंबीररावांनी हळूच अंबाबाईचं नाव घेतलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"एक्केचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"किती?"

"एक्केचाळीस, अक्काताई! आठव्या खाटेचा!"

पेशंट झोपलेत ह्याचं भान कुणाला राहिलं नाही. नर्स टाळ्या वाजवायला लागल्या, हंबीरराव "हाण तिच्या मायला!" म्हणाले आणि जीभ चावली. अक्काताई मात्र मध्येच उभी, दोन्ही हात कमरेवर ठेवून, आणि डोळ्यातनं घळाघळा पाणी. मग तिला हसू फुटलं ते थांबेचना.

पण एका सकाळच्या आकड्यानं हॉस्पिटल बदलत नाही. हे रोज, तिन्ही पाळ्यांना करायचं म्हणजे फडक्यांचे ढीग, आणि धुलाईवाले आधीच चादरींनी मेटाकुटीला आलेले. हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर उदयसिंह यांनी सिस्टरचा कागद वाचला आणि चष्मा वर सरकवला. भला माणूस, पण नव्या गोष्टीला आधी नाही म्हणायची सवय.

"कल्पना चांगली आहे. पण एवढी फडकी धुणार कोण? आणि अक्काताई, अहो, म्हशीचं आणि आयसीयूचं कसं एक होईल?"

"सायेब, म्हशीला जंतू हुतो आणि माणसाला बी जंतूच हुतो," अक्काताई म्हणाली. "जंतूला कुठं कळतंय ही म्हस हाय का मास्तर हाय ते?"

डॉक्टर हसले, पण कागद बाजूला ठेवायला लागले. तेवढ्यात दाराशी उभे असलेले हंबीरराव पुढं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"सर, धुलाईचं मी बघतो. मशीन रोज दुपारी दोन तास मोकळं असतंय, मी डोळ्यानं बघितलंय. फडकी येगळी धुऊ, चादरीत मिसळायची न्हाईत. एक म्हयना द्या. न्हाय जमलं तर माझं नाव हंबीरराव न्हाय."

अक्काताईनं त्यांच्याकडं चमकून बघितलं. चार दिवसांपूर्वी खिशात बॅटरी घेऊन फिरणारा हाच माणूस.

डॉक्टर उदयसिंहांनी महिना दिला. अट एकच: आकडे ते स्वतः घेणार, न सांगता येऊन.

तो महिना अक्काताईच्या आयुष्यातला सगळ्यात धावपळीचा. दुपारपाळी आणि रात्रपाळीच्या बायकांना तिनं एकेकीला हाताला धरून शिकवलं. पहिल्या आठवड्यात दोघींनी बादली परत काढली, कारण ती सोपी पडते. अक्काताई ओरडली नाही. त्यांना आकडा दाखवला. यंत्रावर पाचशेचा आकडा बघितल्यावर माणूस स्वतःच बादली खाली ठेवतो, हे तिला एव्हाना स्वतःच्या अनुभवानं कळलं होतं. दर दोन-चार दिवसांनी डॉक्टर अचानक उगवायचे. कधी पाचव्या खाटेचा पंप, कधी दाराची मूठ. त्र्याऐंशी. बावन्न. एकदा एकशे चाळीस आला तेव्हा अक्काताईचं तोंड एवढंसं झालं, पण डॉक्टरांनीच सांगितलं की ती मूठ त्यांनी आत येताना स्वतः धरली होती. तिसऱ्या आठवड्यापासनं ते काडी घासताना आधी अंदाज सांगायला लागले, "साठ!", आणि अंदाज जवळ आला की खूश व्हायचे. चौथ्या आठवड्यात त्यांनी कागदावर सही केली. आयसीयूच नव्हे, सगळं हॉस्पिटल.

खरा निकाल यायला मात्र वेळ लागला. पहिल्या महिन्यात त्या जंतूचा एक पेशंट निघाला. अक्काताई दोन दिवस धड जेवली नाही. सिस्टरनी शोध घेतला तेव्हा तो दुसऱ्या हॉस्पिटलातनं अंगातच घेऊन आला होता, असं निघालं. त्याची खाट अक्काताईनं स्वतः सांभाळली. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना काही झालं नाही. दुसरा महिना, कुणी नाही. तिसरा महिना, कुणी नाही. चौथ्या महिन्याच्या शेवटी संयोगिता सिस्टरनी भिंतीवरच्या तक्त्यावर शून्य लिहिलं आणि खडू अक्काताईच्या हातात दिला. "सही करा," म्हणाल्या. अक्काताईनं मोठ्या, वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.

आता अक्काताईचं काम बदललंय. अर्धा दिवस आयसीयू, अर्धा दिवस सिस्टरबरोबर तपासणी. बदामी कोट मिळालाय, तो तिला खांद्यात घट्ट होतो. आणि गेल्या महिन्यात तर सीमेकडच्या एका छोट्या हॉस्पिटलातनं सिस्टरना बोलावणं आलं, आमच्या लोकांना पण हे दाखवा म्हणून. सिस्टर तिला घेऊन गेल्या.

जीपमध्ये अक्काताई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. कधी पाच माणसांपुढं भाषण केलेलं नव्हतं. त्या हॉस्पिटलच्या सभागृहात पंधरा-सोळा सफाईच्या बायका खुर्च्यांच्या कडेवर अवघडून बसलेल्या. संयोगिता सिस्टरनी बोलायला सुरुवात केली, छान बोलल्या, पण बायकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मागच्या ओळीत दोघी एकमेकींत हळू आवाजात कानडीत काहीतरी बोलल्या. ते अक्काताईनं ऐकलं. ही बाई काय म्हणतेय ते आपल्याला कुठं कळतंय, असं त्या म्हणत होत्या.

अक्काताई उठली. तिच्या आजोळची भाषा कानडी. बांधावरचा तो आवाज तिनं एकदाचा मोकळा सोडला आणि सरळ कानडीत सुरुवात केली: तुमच्यापैकी कुणाच्या घरी म्हशी आहेत, हात वर करा!

चौदा हात वर गेले.

त्यानंतर तिथं कुणाला आवरता येईना. दगडी म्हणताच बायका एकदम बोलायला लागल्या, कुणाच्या कितव्या म्हशीला झाली ते सांगायला लागल्या. तास संपला तरी कुणी उठेना. चहा आला आणि निवला. सोबत आणलेलं यंत्र सगळ्यांना हातात हवं होतं. एकीनं खुर्चीचा हात घासला, एकीनं पाण्याच्या नळाची चावी, एकीनं स्वतःच्या बांगड्या. आकडा आला की "नोडरी, नोडरी!" म्हणजे बघा बघा, असा कल्ला. तिथले डॉक्टर काय गोंधळ चाललाय म्हणून बघायला आत आले. तरुण, रुबाबदार. अक्काताईनं त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या हातातल्या मोबाइलकडं.

"पावणं, जरा द्या की त्यो फोन."

डॉक्टरांनी हसत दिला. सगळ्यात पुढच्या बाईनं फोनवर काडी घासली, नळी हलवली. सोळा बायका यंत्रावर वाकल्या. पंधरा सेकंद कुणी हललं नाही.

एक हजार नऊशे चार.

सभागृहाचं छप्पर उडेल असा हशा झाला. डॉक्टर लाजून लाल झाले आणि स्वतःही हसायला लागले. अक्काताईनं दाखवायला आणलेल्या ट्रेमधलं एक ओलं फडकं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"घ्या, पुसा. आणि डॉक्टर, बघा हां, हे फडकं फक्त तुमचं. दुसऱ्याला द्यायचं न्हाय."